सोंग, पडदा आणि तळीराम

घडाभर तेल म्हणजे नेमकं किती, याचा हिशेब आज कोणी मांडत नाही. तरी 'नमनालाच घडाभर तेल' असं आपण बिनदिक्कत म्हणतो. सभेत पाहुण्यांची ओळख अर्धा तास चालली की म्हणतो, लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे घराण्याची महती सांगत बसले की म्हणतो. कोकणात शिमग्याच्या दिवसांत अजूनही नमन-खेळे होतात. मृदंगावर थाप पडते आणि खेळ सुरू होण्याआधी गणपतीपासून ग्रामदेवतेपर्यंत एकेका दैवताला नमन घातलं जातं. कोणाला वगळून चालत नाही. आता वीज आहे, त्यामुळे नमन कितीही लांबलं तरी कोणाचं काही जात नाही. दिवट्या-पलित्यांच्या काळात मात्र रात्रभराच्या खेळाला पुरेल एवढं तेल आधी जमवावं लागे. देवांची यादी संपता संपता घडा रिकामा झाला, तर पुढचं आख्यान अंधारात. ही म्हण रचणारा माणूस भाविक नसावा, नटही नसावा. तो तेलाचे पैसे देणारा असणार.

नाटकावरून रोजच्या बोलण्यात आलेले वाक्प्रचार गोळा करताना मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा पडत गेला: हे बोलतंय कोण? नाचणारा, पाहणारा, की पैसे मोजणारा? 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'सारखे कोश अर्थ देतात, पण बोलणारा कुठे उभा आहे ते सांगत नाहीत. आणि जागा कळली की यादीचा सूरच बदलतो. मराठी माणूस स्वतःला नाटकवेडा म्हणवून घेतो. त्याच्याच भाषेत 'नाटकं करू नकोस' म्हणजे खोटं वागू नकोस, 'तमाशा केला' म्हणजे चारचौघांत अब्रू घालवली, 'सोंग घेतलं' म्हणजे ढोंग केलं, 'गोंधळ घातला' म्हणजे सगळं विस्कटून टाकलं. हिंदीतून आलेली 'नौटंकी'सुद्धा त्याच रांगेत जाऊन बसली. उत्तरेत तो गाण्या-बजावण्याचा एक सुंदर नाट्यप्रकार आहे, हे शिवी देताना कोणाला आठवत नाही. ज्याला रात्री टाळ्या द्यायच्या, त्याच्यावर सकाळी बोलताना काडीचा विश्वास ठेवायचा नाही, अशी ही रीत आहे.

सगळ्यांत जुना थर संस्कृत नाटकाचा, आणि उलथापालथही तिथेच जास्त झाली आहे. 'नांदी' हा शब्द आनंदाच्या 'नंद्' धातूवरून आला. नाटकाआधी देवतांना वंदन करून प्रेक्षकांचं कल्याण चिंतायचं, ती नांदी. मुंजीत-लग्नात नांदीश्राद्ध करतात तेही मंगल म्हणूनच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले आणि नांदी हा मराठी संगीत नाटकाचा कायमचा दागिना झाला. आता वर्तमानपत्र उघडा. युद्धाची नांदी, फुटीची नांदी, दुष्काळाची नांदी. 'नव्या पर्वाची नांदी' असं लिहिणारे आहेत, नाही असं नाही, पण संकटाचीच नांदी जास्त वाजते. कल्याण चिंतणाऱ्या पदाचा आपण भोंगा करून टाकला.

सूत्रधाराचं तर पूर्ण उलटं झालं. नाटकातला सूत्रधार सगळ्यांत आधी, उजेडात, प्रेक्षकांसमोर येतो. नाटकाचं नाव सांगतो, नाटककाराचं नाव सांगतो, नटीला हाक मारतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्या पद्धतीच्या नाटकांत तर सूत्रधार जागचा हलतच नसे. कथा पदांतून तोच पुढे नेई आणि पात्रं त्याच्या पदानंतर आपापली भाषणं ऐन वेळी जुळवून म्हणत. बातम्यांमधला 'मुख्य सूत्रधार' मात्र कधीच समोर नसतो. तो फरार असतो. नाटकातला पहिल्या मिनिटाला दिसतो, पेपरातला आरोपपत्र दाखल झालं तरी सापडत नाही.

हा बदल झाला तो बहुधा सूत्रधाराच्या हातातल्या 'सूत्रा'मुळे. रिचर्ड पिशेल या जर्मन पंडिताने या एका शब्दाच्या आधारे भारतीय नाटकाचा उगम बाहुल्यांच्या खेळात शोधला होता: दोऱ्या धरणारा तो सूत्रधार. सगळ्यांना ते पटलं नाही. सूत्र म्हणजे मापाची दोरी आणि सूत्रधार म्हणजे रंगमंडप आखणारा, असाही अर्थ लावतात. पंडितांचा वाद काहीही असो, मराठी बोलणाऱ्याने पिशेलच्या बाजूने निकाल देऊन टाकला आहे. 'सूत्रं हलवणे', 'सूत्रं हाती घेणे' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर दोरी आणि बाहुलीच असते. भाव्यांनीही लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या आणि त्या पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा हलत्या केल्या, हा योगायोग इथे नोंदवायला हरकत नाही.

'कळसूत्री बाहुली' हा त्याच घरातला शब्द. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जिवंत ठेवला; तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. हा खेळ पाहिलेला माणूस बाहुलीला दोष देत नाही. दोरी ज्याची, आवाजही त्याचाच, गाणंही त्याचंच. राजकारणात आपण 'कळसूत्री मुख्यमंत्री' म्हणून हिणवतो तेव्हा शब्द बाहुलीला लागतो आणि बोटं सुटून जातात.

'भूमिका' या शब्दाने केलेला प्रवास मला सगळ्यांत मजेशीर वाटतो. नाटकात भूमिका म्हणजे जे आपण नाही ते दोन-तीन तास होणं. आज 'पक्षाने आपली भूमिका स्पष्ट करावी' म्हणजे जे खरोखर वाटतं ते सांगावं. भूमिका म्हणजे पाय रोवायची जमीन, असाही अर्थ संस्कृतात होता आणि 'ठाम भूमिका' तिथून आली असेल. तरीही एखादा नेता महिन्याभरात तीन भूमिका घेतो तेव्हा जुना अर्थ हळूच डोकं वर काढतोच. 'पात्र' तसंच. भांडं, नट आणि लायक माणूस, तिन्ही अर्थ एकाच शब्दात. विधानसभेत अपात्र ठरलेला आमदारही 'काय पात्र आहे!' या अर्थाने पात्र उरतोच. 'नेपथ्य' तर आतबाहेर झालं: पूर्वी ते पडद्याआडची वेष करायची जागा होतं, आता पडदा उघडल्यावर समोर दिसतं ते नेपथ्य. 'भरतवाक्य' हळूहळू मावळत चाललं आहे; एखाद्या जुन्या वक्त्याच्या समारोपात भेटलं तर भेटतं.

आता तमाशा. इथे मात्र थांबावं लागेल.

शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे आला फारसीतून. अर्थ साधा होता: हिंडत-फिरत पाहणं, देखावा, मौज. 'तमाशा बघत उभा राहणे' या वाक्प्रचारात हा जुना अर्थ अजून आहे. तिथे फड नाही, ढोलकी नाही, फक्त रस्त्यावरची बघ्यांची गर्दी आहे. 'तमाशा करणे' ही वेगळी गोष्ट. 'काय तमाशा लावलाय', 'घराचा तमाशा करू नका' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कनातीतला फडच असतो, आणि त्या फडाबद्दलची पांढरपेशी नाकं मुरडणंही. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग अशी बांधणी असलेली, उत्तम शाहिरांनी घडवलेली ही कला. ती पिढ्यान्‌पिढ्या पेलली महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतल्या कलावंतांनी, आणि त्यांच्या कलेचं नाव शिवी म्हणून वापरलं ते प्रामुख्याने इतरांनी. शब्दाच्या अर्थात जात कशी मुरते याचं याहून ढळढळीत उदाहरण मला सुचत नाही. स्वातंत्र्यानंतर सुधारणेच्या ओघात 'लोकनाट्य' हा सोवळा शब्द पुढे आला आणि फडांच्या ट्रकवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' अशी पाटी रंगली. गंमत पाहा: 'काय लोकनाट्य लावलंय घरात!' असं अजून कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. शुद्ध केलेल्या शब्दाला शिवी होण्याचंही भाग्य नसतं. तमाशाची बाजू घेणारी एक म्हण मात्र आहे: तमाशाने गाव बिघडत नाही आणि कीर्तनाने सुधारत नाही. ती नक्की मागच्या रांगेत बसलेल्या, दोन्ही पाहिलेल्या म्हाताऱ्याने केली असणार.

बतावणीचं बघा. तमाशात बतावणी म्हणजे सोंगाड्याने आणि त्याच्या जोडीदाराने केलेली शाब्दिक कुस्ती; तिथे राजापासून सावकारापर्यंत कोणाचीही टोपी उडते. शहराच्या पानावर मात्र रोज 'पोलिस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबवले'. इथे तमाशावर आळ घेऊ नये. बतावणी हा शब्द सांगणं-दाखवणं या अर्थाने भाषेत आधी असावा, आणि तमाशाने तो उचलला असावा. सुपारीचंही तेच. सुपारी देऊन काम ठरवायची रीत लग्नकार्यापासून सगळीकडे होती. पण आजही वाजंत्रीवाले, गायक आणि फडमालक 'सुपारी मिळाली' असं निर्मळ मनाने म्हणतात. नारायणगावात चैत्र-वैशाखाच्या जत्रांच्या तोंडावर फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन खेळ ठरवतात, तिथला हा शब्द. मुंबईच्या टोळ्यांनी तो खुनाला लावला आणि आता एखाद्याने कोणावर चार ओळी टीका केली तरी 'सुपारी घेतलीय' म्हणतात. 'दौलतजादा' त्या मानाने प्रामाणिक राहिला. नाचणारीवर नोटा उधळणं असो की सरकारी पैशाची उधळपट्टी, उडतो तो पैसाच.

'तेच तुणतुणं वाजवतोय' हे मात्र फडातलं अगदी नेमकं निरीक्षण आहे. तुणतुण्याला तार एकच. ते धरणारा मागे उभा राहतो, रात्रभर एकच सूर देतो आणि शाहिराने टाकलेल्या ओळीची झील धरतो. बैठकीत साहेबाच्या वाक्यामागे 'री ओढणारा' असतो तोही याच मागच्या रांगेतला. यात एक अन्याय आहे, तो कोणी सांगत नाही: तुणतुणं थांबलं तर पुढच्याचा सूर जातो. पण वाक्प्रचार ऐकणाऱ्याने केला, तुणतुणेवाल्याने केला नाही.

आणि कलगी-तुरा. 'दोन आमदारांत कलगीतुरा रंगला' ही बातमी आठवड्यातून एकदा तरी येते. मूळचा कलगी-तुरा हा शाहिरांचा तात्त्विक वाद. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानत; कलगीवाले शक्तीला, मायेला. एका बाजूने कवनातून कूट टाकायचं, दुसऱ्या बाजूने कवनातच उत्तर द्यायचं, आणि उत्तराच्या शेपटाला नवा सवाल बांधायचा. ब्रह्म आधी की माया आधी, असल्या प्रश्नांवर निरक्षर म्हणवणाऱ्या माणसांनी डफाच्या तालावर रात्री जागवल्या. कोकणात 'शक्ती-तुरा' या नावाने तो अजून जोरात चालतो आणि चाकरमान्यांसाठी मुंबईच्या नाट्यगृहांतही त्याचे सामने लागतात. आमदारांच्या कलगीतुऱ्यात ना कूट असतं, ना वृत्त, ना उत्तर. तिथे फक्त तुरा असतो, तोही फेट्याचा. विधिमंडळातले 'सवाल-जवाब' आणि निवडणुकीचा 'फड' हे त्याच गाठोड्यातले. फड कुस्तीचाही असतो आणि उसाचाही, त्यामुळे त्यावर तमाशाने एकट्याने हक्क सांगू नये.

सोंगाचा विचार करताना मला पालघर-नाशिककडचा बोहाडा आठवतो. जव्हार, मोखाडा या भागांत उन्हाळ्यात बोहाड्याच्या रात्री देवादिकांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे बांधून एकेक सोंग नाचत येतं. अमुक देवाचं सोंग अमुक घराने घ्यायचं, असा मान ठरलेला असतो. तिथे 'सोंग घेणं' म्हणजे देव अंगावर घेणं. तोच शब्द घाट चढून, नदी ओलांडून शहरात आला की 'आजारपणाचं सोंग', 'झोपेचं सोंग' होतो. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही' ही म्हण या दोहोंच्या मधली आहे. तिच्यात सोंगाचा तिरस्कार नाही, फक्त खिशाची चिंता आहे. गोंधळाचीही हीच कथा. अंबाबाईचा गोंधळ म्हणजे संबळ, दिवटी, देवीला आणि ठिकठिकाणच्या दैवतांना बोलावणं, आणि मग पहाटेपर्यंत आख्यान. घरात लग्न झालं की कुळाचार म्हणून गोंधळ घालतात. आणि दुसऱ्या दिवशी मांडववाल्याचा हिशेब चुकला की त्यालाही म्हणतात, 'काय गोंधळ घातलाय!' एकाच घरात, एकाच आठवड्यात, एकाच क्रियापदासह दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. 'आख्यान लावणे' आणि 'भारूड लावणे' यांवरही अशीच पाळी आली. एकनाथांनी ज्या प्रकाराने गावाला हसवत शहाणं केलं, त्याचं नाव आपण कंटाळवाण्या भाषणाला दिलं.

नटांनी स्वतःबद्दल काहीच म्हटलेलं नाही असं नाही. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या दशावतारी मंडळींत 'रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा' असं म्हणतात. देवळापुढच्या जत्रेत रात्रभर मुकुट मिरवायचा आणि उजाडल्यावर पेटाऱ्याचं ओझं घेऊन पुढच्या जत्रेची वाट धरायची. यात कोणाची टिंगल असेल तर ती स्वतःची. वर उल्लेखलेल्या सगळ्या शब्दांपेक्षा ही ओळ मला जास्त मराठी वाटते.

पडदा हा तुलनेने नवा. तमाशाला पडदा नसतो. दशावतारात आणि भाव्यांच्या काळात पडदा म्हणजे दोघांनी धरलेलं कापड. ते बाजूला होतं, 'पडत' नाही. वरून पडणारा पडदा, रंगवलेले देखावे, कडेच्या विंगा हे सगळं मुंबईतल्या इंग्रजी-पारशी नाटकांकडून आलं. भाव्यांची मंडळी १८५३ साली मुंबईला आली आणि ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले, तेव्हा ही नवी चौकट मराठी नाटकाला भेटली. 'वादावर पडदा पडला', 'प्रकरणावर पडदा टाकला', 'पडद्यामागच्या हालचाली' हे प्रयोग या चौकटीत शोभतात. दिवटीच्या उजेडात ते सुचले नसते. इथे थोडी सावधगिरी हवी. घरातल्या बायकांच्या पडद्याचा अर्थही या शब्दाला चिकटलेला आहे, आणि 'पडद्याआड' म्हणताना कधी रंगमंच असतो तर कधी माजघर. 'प्रकाशझोतात येणे' तर सरळ इंग्रजीवरून उतरवलेलं आहे, आणि तसं दिसतंही.

शहरी नाटकाने दिलेले शब्द बहुतेक कामसू आहेत, शिवराळ नाहीत. माझ्या मते याचं कारण असं की ते रंगमंचामागच्या माणसांनी बाहेर आणले. 'रंगीत तालीम' घ्या: वेष, रंग, दिवे यांच्यासह केलेली शेवटची पुरी तालीम. जिल्हा परिषदेची निवडणूक विधानसभेची रंगीत तालीम ठरते, आपत्ती विभागाच्या सरावालाही रंगीत तालीम म्हणतात. 'तिसरी घंटा'ही तशीच. पहिल्या घंटेला चहा, दुसरीला रांग शोधण्याची धावपळ, तिसरीला अंधार. ज्याने एकदा नाटक पाहिलं त्याला ती अंगात भिनलेली असते. करोनाकाळातली दुसरी बंदी उठून २२ ऑक्टोबर २०२१ पासून नाट्यगृहं उघडली, तेव्हा 'तिसरी घंटा' हे दोन शब्द पुरेसे होते. मतदार जुन्याच उमेदवाराला पुन्हा निवडून देतात तेव्हा त्याला 'वन्समोअर' मिळतो. हा संगीत नाटकाचा वारसा. पदाला वन्समोअर मिळाला की मेलेलं पात्रसुद्धा उठून पुन्हा गाई, असे किस्से जुने लोक रंगवून सांगत. 'एंट्री' तरुणांनी घेतली, 'एक्झिट' मृत्युलेखांनी. 'अकाली एक्झिट', 'चटका लावणारी एक्झिट' हे इतकं झालंय की साधं 'निधन' वाचलं तर बरं वाटतं. पत्रकारांनी 'नाट्य' हा शब्द प्रत्ययासारखा वापरून राजीनामानाट्य, सत्तानाट्य, अपहरणनाट्य असं पीक काढलं आहे. चौकशीचा 'फार्स' त्यातल्या त्यात अचूक: एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटक संपल्यावर प्रेक्षकांना हसवून घरी पाठवायला फार्स करत. आज चौकशी झाल्यावर लोक हसतच घरी जातात.

काही शब्द नाटकाचे वाटतात, पण नाहीत. 'तारेवरची कसरत' सर्कशीची आणि डोंबाऱ्याची. अर्थमंत्र्याने तिच्यावर हक्क सांगितला ते वेगळं. 'नंदीबैलासारखी मान डोलावणे' हा दारोदार फिरणाऱ्या नंदीवाल्याचा खेळ. 'मुखवटा गळून पडला' म्हणताना आपण विसरतो की भाद्रपदात घरोघरी गौरीचे मुखवटे येतात आणि त्यांत लपवाछपवी कसलीही नसते. तो अर्थ दुसरीकडून आला आणि घरच्या अर्थावर बसला.

उरतात ती नाटकांची नावं आणि त्यांतली माणसं. एखादा शब्द रंगमंचावरून निघून थेट पोलिस ठाण्यात पोहोचावा, हे या गटातच घडतं. 'मानापमान' हे खाडिलकरांचं १९११ चं नाटक. टिळक स्वराज्य फंडासाठी जुलै १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकांनी ते मुंबईत एकत्र केलं, आणि त्या रात्री मानाचा प्रश्न कोणी काढला नाही. आता निमंत्रणपत्रिकेत नाव खाली छापलं की 'मानापमान नाट्य' सुरू. 'संशयकल्लोळ' तर पॅरिसहून आला आहे. मोलिएरने १६६० साली एक प्रहसन केलं, त्यावरून आर्थर मर्फीने इंग्रजी नाटक बेतलं, त्यावरून देवलांनी फाल्गुनराव आणि त्याची ती तसबीर मराठीत आणली, आणि १९१६ साली त्याला संगीताचा साज चढला. जागावाटपाच्या बातमीवर उपसंपादक हा मथळा देतो तेव्हा त्याच्यामागे साडेतीनशे वर्षं उभी असतात. अत्र्यांच्या १९६२ च्या 'तो मी नव्हेच'ने आपल्याला नकाराचं तयार वाक्य दिलं आणि सोबत लखोबा लोखंडेही दिला. एका खऱ्या खटल्यावरून नाटक झालं, प्रभाकर पणशीकरांनी त्यातली सोंगं गावोगाव नेली, आणि आता कुठेही चार बायकांना लग्नाच्या नावाने फसवणारा पकडला की मथळ्यात 'लखोबा' येतो. गुन्हेगार नाटकात गेला आणि नाव घेऊन गुन्ह्यांच्या पानावर परतला.

या सगळ्यांत सर्वांत मोठी मजल मारली ती तळीरामाने. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा नायक सुधाकर. अश्रू सिंधूसाठी, आणि सिंधू झालेल्या बालगंधर्वांसाठी. तळीराम हा सुधाकराच्या पदरचा माणूस, 'आर्य मदिरा मंडळा'चा चालक, दुय्यम पात्र. भाषेने नायकाला सोडलं आणि याला उचललं. 'सुधाकर' अजून नुसतं मुलाचं नाव आहे. 'तळीराम' सामान्यनाम झालं, त्याचं अनेकवचन झालं, त्याला विभक्ती लागली. दर ३१ डिसेंबरला 'तळीरामांवर कारवाईचा बडगा' ही बातमी ठरलेली, आणि ती वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नाटक पाहिलेलं नसतं.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्याला झाला तो २० फेब्रुवारीला. तळीरामाला रंगमंचावर चालताना त्यांनी कधीच पाहिलं नाही.